बेडलिंग्टनचे केस समजून कापणारं पार्ल्यातलं दुकान

आमचा कापूस बेडलिंग्टन टेरिअर जातीचा कुत्रा आहे. भाचा इंग्लंडहून कायमचा परतला तेव्हा त्याला घेऊन आला आणि तो आमच्याकडेच रुळला. फिरायला नेलं की रोज कुणीतरी विचारतंच, "काकू, कोकरू पाळलंय का?"

आधी एका ठिकाणी याला पूडल समजून सरसकट मशीन फिरवलं होतं. पाठीवर सोलवटलं आणि तिथे नवे केस आले ते काळपट. या जातीची पिल्लं जन्मतः काळी किंवा तपकिरी असतात, वाढताना फिकी पडतात आणि जखमेवर पुन्हा गडद केस येतात. तो डाग जाईपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हतं.

म्हणून इथे आले ती धास्तावूनच. दुकानातल्या दादांनी आधी कात्रीला हातच लावला नाही. कापसाला मोकळं सोडलं, सगळीकडे हुंगू दिलं, मग त्याच्या केसांत बोटं घालून म्हणाले, "ताई, यात राठ आणि मऊ दोन्ही आहेत. मशीन कानाला आणि गळ्याला, अंगावर कात्रीच." अडीच तास लागले. कानांच्या टोकाला गोंडे तसेच ठेवले, पाठीची कमानही बुजवली नाही.

तेवढ्या वेळात मी त्यांना याचं कूळ सांगितलं. इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड भागातलं बेडलिंग्टन हे खाणकामगारांचं गाव. आधी याला रॉथबरी टेरिअर म्हणत. १८२५ च्या सुमारास जोसेफ एन्सली या गवंड्यानं आपल्या कुत्र्याला गावाचं नाव दिलं. ससे आणि उंदीर धरणं हे या कुत्र्यांचं काम. गेल्या पावसाळ्यात गटाराशी घूस दिसली तेव्हा आमचं हे 'कोकरू' पट्ट्यासकट हातातून निसटलं आणि तिला तोंडात धरूनच आलं! घरात मात्र दिवसभर माझ्या पायाशी.

आणखी एक गोष्ट फार आवडली. इथे खाऊ देण्याआधी विचारतात. या जातीत यकृतात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार असतो आणि कलेजीत तांबं भरपूर, म्हणून कलेजीचा खाऊ मी देत नाही. एकदाच सांगितलं, दुसऱ्या खेपेला त्यांच्या लक्षात होतं.

अठराशे रुपये घेतात. रविवारची वेळ दोन आठवडे आधी ठरवावी लागते, बसायलाही दोनच खुर्च्या. पण जटा झाल्या तर ओढत नाहीत, हातानं सोडवतात, आणि पावसाळ्यात याचंच मोल. परवा त्यांच्या वहीत कापसाचं बाजूनं काढलेलं डोकं दिसलं: कपाळापासून नाकापर्यंत एकच उतार, मध्ये कुठे खाच नाही.