डी-५० चा मेलेला आफ्टरटच आणि नऊ हजारांची फीत

रोलँड डी-५० हा सिंथेसायझर बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, आफ्टरटच (वाजवलेली पट्टी आणखी दाबून आवाज बदलायची सोय) चालतो का? उत्तर ठरलेलं: ‘चालतो की, फक्त जरा जीव खाऊन दाबावं लागतं.’ म्हणजे चालत नाही. १९८७ चं मशीन. आवाज अजून खणखणीत, बटणं शाबूत, पण पट्ट्यांखालची दाब मोजणारी स्ट्रिप बहुतेकांची गेलेली. माझीही गेली होती. युरोपातला एक कारागीर बदली स्ट्रिप बनवून विकतो, ती मागवली. आता कार्यक्रमांत वाजवून झालीय, म्हणून लिहितोय.

टपाल आणि कस्टम धरून नऊ हजार रुपयांच्या घरात गेली. प्लास्टिकच्या फितीला नऊ हजार म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. पण ‘पार्ट येत नाही हो, दुसरं मशीन बघा’ हे ऐकून ऐकून मी कंटाळलो होतो.

मशीन उघडण्याआधी सगळे पॅच (साठवलेले आवाज) मिडीवरून, म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या वायरीवरून, कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. हे पॅच जपणारी आतली सीआर २०३२ बॅटरी सोल्डर केलेली असते. पुन्हा उघडायचा कंटाळा असेल तर तीही याच खेपेत बदलून घ्या. पट्ट्या काढताना क्रमाने मांडा, स्प्रिंगा डबीत ठेवा. एवढं सांभाळलं तर काम किचकट आहे, अवघड नाही.

जुनी स्ट्रिप हातात आल्यावर रोग दिसला. दोन पातळ फिल्म एकमेकींवर: एकीवर चांदीच्या शाईच्या रेघा, दुसरीवर कार्बनचा थर. दाबलं की त्या एकमेकींना टेकतात, आणि दाब वाढेल तसा विजेला होणारा रोध कमी होतो. माझ्या स्ट्रिपच्या रेघा कडेने काळ्या पडल्या होत्या, आणि वरचा फेल्ट वाळून चामड्यासारखा कडक झाला होता. खालच्या पत्र्यावर जुन्या गोंदाचा चिकट थर. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणून तो आधी पूर्ण काढला, कारण पत्र्यावर एखादा खडा जरी राहिला तरी वरची पट्टी कायम दाबल्यासारखी वागते.

नवी स्ट्रिप अगदी सुबक निघाली. लांबी बरोबर, गोंद आधीच लावलेला, कनेक्टर जुन्याच जागी बसला. पण फेल्ट? दिलेलाच नाही! सोबतच्या कागदावर एक ओळ: जुना वापरावा. चामडं झालेला फेल्ट वापरून काय करणार? शेवटी हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या आमच्या काकांकडून तुकडे आणले. या कामातला खरा जीव फेल्टच्या जाडीत आहे. जाड घेतला तर नुसतं वाजवतानाच आफ्टरटच सुरू होतो, सूर सारखा थरथरतो. पातळ घेतला तर पहिले पाढे पंचावन्न. दोन जाड्यांचे तुकडे टाकून बघितल्यावर जमलं. नऊ हजार घेणाऱ्याने पन्नास-शंभर रुपयांचा फेल्ट पाकिटात टाकायला काय हरकत होती?

बसवल्यावर मिडी मॉनिटर (मशीन पाठवत असलेले आकडे दाखवणारा प्रोग्राम) लावून बघितलं. आधी अंगठ्याने रेटूनही आकडा वीसच्या वर सरकत नव्हता. आता मधल्या सप्तकात साध्या दाबाला सरळ १२७ या कमाल आकड्यापर्यंत चढतो, आणि हळू दाबला तर हळू चढतो. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण भावगीताच्या पीसमध्ये डावा हात कॉर्डवर अडकलेला असतो, बेंडरला (सूर वळवायच्या दांडीला) हात मोकळा नसतो. उजव्या हाताने सूर धरून किंचित दाबला की त्यात कंप भरतो, तोही हवा तेवढाच. गायकाने लांबवलेल्या सुराखाली स्ट्रिंग्जचा आवाज हळूहळू फुलवता येतो. सगळ्या ६१ पट्ट्यांना मिळून एकच स्ट्रिप असल्यामुळे एक दाबली तरी सगळेच सूर हलतात. म्हणून मी स्प्लिट करून (दोन्ही हातांना वेगळा आवाज देऊन) डाव्या हाताच्या, म्हणजे खालच्या टोनचा आफ्टरटच बंद ठेवतो. डावा हात शांत, उजवा बोलतो.

काळ्या पट्ट्या मात्र पांढऱ्यांपेक्षा अजून थोड्या जड वाटतात. काळी चारमध्ये गाणाऱ्यांची साथ करणाऱ्यांनी हे धरून चालावं. अगदी टोकाच्या दोन-तीन पट्ट्याही थोड्या सुस्त आहेत, पण तिकडे दाबून वाजवायची वेळ माझ्यावर तरी येत नाही.

मागवणार असाल तर फेल्ट मिळेल का हे आधी मेल करून विचारा. आणि डी-५० वर नुसते घंटेचे, मारिंबाचे टणत्कारच वाजवत असाल तर या भानगडीत पडू नका. त्या आवाजांना आफ्टरटच असला काय, नसला काय.