चष्मा गेला, ६/६ आलं, तरी तीनच तारे

पुण्यातल्या एका मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात मी लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन, करून घेतलं, त्याला वर्ष होऊन गेलं. नंबर होता उणे साडेपाच, शिवाय थोडा सिलिंडर. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अजून तिथेच तपासणीला जाते.

आधी चांगलं सांगते. तपासणीत कुठेही घाई नाही. कॉन्टॅक्ट लेन्स दोन आठवडे बंद ठेवायला लावल्या, मगच कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं, स्कॅन केलं. माझ्या कॉर्नियाची जाडी ५४८ मायक्रॉन निघाली. वरचा पापुद्रा उचलून आणि लेसरने नंबरापुरता भाग घासून झाल्यावर खाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहायलाच हवेत, नाहीतर कॉर्निया पुढे फुगत जातो, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. माझ्या आधी एक मुलगी होती. तिच्या स्कॅनमध्ये केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगण्याच्या आजाराची, शंका आली आणि तिला सरळ नाही म्हणाले. "अहो, लग्न ठरलंय हो हिचं," म्हणून आई हुज्जत घालत होती, तरी ऐकलं नाही. हॉस्पिटलवर माझा विश्वास बसला तो तिथे.

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. थेंबांनी डोळा बधिर होतो, काही क्षण सगळं काळं होतं, केस जळल्यासारखा वास येतो आणि संपतं. दुसऱ्या दिवशी तक्त्यावरची ६/६ची ओळ घडाघडा वाचली.

पुढचं मात्र त्या गुळगुळीत माहितीपत्रकात नव्हतं. पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या बारीक नसाही कापल्या जातात. डोळा कोरडा पडलाय, पाणी सोड, हा निरोप त्याच नसा देतात. त्या पुन्हा वाढायला महिने लागतात. मी बँकेत काम करते, डोक्यावर एसी आणि समोर दिवसभर स्क्रीन. दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. गंमत म्हणजे स्कूटरवर मात्र डोळ्यांतून धारा लागायच्या, आणि डॉक्टर म्हणाले, हाही कोरडेपणाच! शेवटी खालच्या पापण्यांच्या, अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बारीक प्लग बसवले, तेव्हा बरंच हायसं वाटलं. प्लगचे पैसे वेगळे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबांच्या छोट्या कुप्यांचे वेगळे. "सगळं पॅकेजमध्ये आहे मॅडम," असं सांगणाऱ्या काउन्सेलर बाईंनी हे सांगायला हवं होतं.

दुसरी तक्रार रात्रीची. माझं माहेर पाचगणीचं. पसरणी घाटात समोरून गाडी आली की दिव्याभोवती चंद्राला पडतं तसं खळं दिसतं, आणि त्याच्या पलीकडचं काही नीट कळत नाही. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेसर न लागलेल्या कडेच्या भागातूनही उजेड आत येतो, हे त्याचं एक कारण. पहिल्या काही महिन्यांपेक्षा आता कमी आहे, पण गेलेलं नाही. वाईच्या आसपास उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात, त्यामुळे अंधार पडल्यावर गाडी नवराच चालवतो.

हे माझ्याच नशिबी आलं असंही नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या लॅसिकवरच्या अभ्यासात, आधी अशी कुठलीही तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी दिसण्याची एक तरी नवी तक्रार सांगितली होती, आणि त्यात अशी वर्तुळंच सगळ्यांत जास्त. त्याच अभ्यासात बहुतेक लोक समाधानीही होते. मीही त्यांच्यातलीच, सकाळी उठल्यावर उशीखाली चष्मा चाचपावा लागत नाही, याचं मोल उणे साडेपाचवाल्यांनाच कळेल.

मग दोन तारे कशाचे कापले? तक्रार घेऊन गेलं की आधी तक्त्यासमोर बसवतात. पांढऱ्या उजेडावर काळीकुट्ट अक्षरं, ती मला दिसतातच. "६/६ आहे, उत्तम!" की फाइल बंद. घाटात काय दिसतं, हे विचारायला तिसऱ्या खेपेला एक तरुण डॉक्टर भेटल्या, त्यांनीच प्लग सुचवले. आणि संमतीपत्र! कोरडेपणा, वर्तुळं, पापुद्रा सरकणं, पुन्हा नंबर येणं, सगळं त्यात छापलेलं आहे, इंग्रजीत, बारीक टाइपात. सहीला दिलं ते बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर.

तुम्ही जाणार असाल तर संमतीपत्र आदल्या दिवशीच घरी मागून घ्या. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागू शकतो, तेही आधीच विचारून ठेवा. ऑपरेशनआधीच्या स्कॅनची प्रतही घ्या. पुढे मोतीबिंदू झाला तर भिंगाचा नंबर काढताना ती उपयोगी पडते, आणि लॅसिकनंतर डोळ्याचं प्रेशर मशीनवर कमी दिसतं, हे नव्या डॉक्टरला कळायला हवं. मला आपणहून फक्त पावती आणि डिस्चार्ज कार्ड दिलं होतं. मागितल्यावर स्कॅनची प्रत मेडिकलशेजारच्या खिडकीवर लगेच छापून दिली, पैसेही घेतले नाहीत. सोमवारी मात्र जाऊ नका, ओपीडीत उभं राहायला जागा नसते.