ॲसडॅस गणक : मणक्याच्या दाहजन्य संधिवाताचे मोजमाप

मणक्याचा आणि सॅक्रोइलियाक सांध्यांचा (कण्याचा तळ व कमरेचे हाड जोडणाऱ्या सांध्यांचा) दाहजन्य संधिवात सध्या किती सक्रिय आहे, हे आकड्यात सांगणारे ॲसडॅस गणक आसास या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. पाठदुखी, सकाळच्या ताठरपणाचा कालावधी, इतर सांध्यांतील वेदना वा सूज आणि रुग्णाचे स्वतःचे एकंदर मत यांना ० ते १० गुण द्यायचे, त्यात रक्तातील सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) भरायचे, की उत्तर मिळते. १.३ पेक्षा कमी म्हणजे आजार निष्क्रिय, २.१ पासून पुढे सक्रियता जास्त आणि ३.५ च्या वर ती अतिशय जास्त समजतात.

याच आजाराची सक्रियता मोजणाऱ्या, १९९४ पासून वापरात असलेल्या बॅसडाय प्रश्नावलीपेक्षा हे साधन मला उजवे वाटते. बॅसडायचे सहाही प्रश्न रुग्णाच्या सांगण्यावरच उभे असल्याने फायब्रोमायल्जियासारख्या (दाहाशिवाय अंगभर दुखणे असलेला विकार) दुसऱ्या कारणाने अंग दुखत असले, तरी गुण फुगतात. ॲसडॅसमध्ये सीआरपीचा वाटा असल्यामुळे या फुगवट्याला काही प्रमाणात आळा बसतो, पूर्णपणे मात्र नाही. उपचारांचा परिणाम पाहतानाही निकष स्पष्ट आहे : आकडा किमान १.१ ने उतरला तर सुधारणा अर्थपूर्ण, २.० ने उतरला तर मोठी.

गणकाचा खरा धोका एककात आहे. सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये अपेक्षित असताना अहवाल प्रति डेसिलिटरचा असेल आणि तोच आकडा जसाच्या तसा भरला, तर मूल्य दहापट कमी धरले जाते आणि धगधगता आजार आटोक्यात असल्यासारखा दिसतो. शिवाय आजार सक्रिय असूनही अनेकांचे सीआरपी सामान्य राहते, त्यामुळे कमी आकडा पाहून निर्धास्त होणे योग्य नाही.

या गणकातून निदान मात्र काढता येत नाही. आसासचे २००९ चे वर्गीकरणाचे निकषदेखील (४५ वर्षांच्या आत सुरू झालेली, तीन महिने वा अधिक टिकलेली पाठदुखी, आणि त्यासोबत एमआरआय वा एक्स-रेमध्ये दिसणारा सॅक्रोइलियाक दाह व या आजाराचे आणखी किमान एक लक्षण, किंवा एचएलए-बी२७ हा या आजाराशी निगडित आनुवंशिक घटक व किमान दोन लक्षणे) मुळात संशोधनासाठी एकसारखे रुग्ण निवडता यावेत म्हणून आखलेले आहेत. ते घरबसल्या स्वतःला लावून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मणका किती वाकतो आणि रोजची कामे किती जमतात, याबाबतही गणक काही सांगत नाही. त्यासाठी बॅसमी आणि बॅसफी ही मोजमापे वेगळी करून घ्यावी लागतात.