गोगलगायीच्या गोळ्या : सावलीच्या बागेत कितपत कामाच्या?

गोगलगायी मारायच्या गोळ्या कृषी केंद्रात 'मेटाल्डिहाइड २.५ टक्के' असंच औषधाचं नाव घेऊन मागा. गोगलगाय कीटक नाही, त्यामुळे साध्या कीटकनाशकाला ती फारशी जुमानत नाही.

कोलियस, बेगोनिया, तेरड्याच्या पानांची रातोरात चाळण झाली आणि पानावर चकाकती वाळकी रेघ दिसली, तर ते काम शेंबीचं, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायीचं. रेघ नसेल तर आधी अळी शोधा.

गोळ्या काम करतात, आणि चांगलं करतात. गडबड होते ती मात्रेत. शिफारस आहे एकरी २ किलोची. म्हणजे चौरस मीटरला अर्धा ग्रॅम. १० बाय १० फुटांच्या वाफ्याला जेमतेम ५ ग्रॅम. एकदा तोलून जुन्या झाकणावर खूण करून ठेवा. ढीग घालू नका, वीतभर अंतरावर एकेक गोळी विखरा. ढिगाने मारा वाढत नाही, घरातल्या जनावरांचा धोका तेवढा वाढतो.

वेळ संध्याकाळची, माती ओली पण पाऊस थांबलेला. झड लागली असेल तर थांबाच: गोळ्या फुगून विरघळतात. शिवाय हे औषध शेंबीच्या अंगातला चिकट स्राव भरमसाट बाहेर काढून तिला कोरडी पाडतं. हवा दमट असली की ती पाणी शोषून पुन्हा सावरते. म्हणून सकाळी लवकर, हातमोजे घालून, लोळणाऱ्या शेंब्या मिठाच्या पाण्यात टाका. कुंड्यांच्या बुडाशी आणि कूलरखालच्या ओलीत अंडी असतात. ती गोळ्यांनी मरत नाहीत, हाताने काढावी लागतात.

खायच्या धोप्याच्या (अळूच्या) वाफ्यात या गोळ्या नकोतच.

पानं जाड आणि मेणचट असलेले होस्टाचे वाण शेंब्या सहसा सोडून देतात, पण होस्टाला हिवाळ्यात लागणारी कडक थंडी नागपुरात मिळत नाही. इथे वाफ्याच्या पाणी न साचणाऱ्या कडेला झेडझेड प्लांट, स्नेक प्लांट लावा. नाजूक कोलियस उंच स्टँडवर ठेवा.

घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर या गोळ्या घेऊ नका. गोळ्यांतल्या कोंड्याच्या वासाने ही जनावरं त्या खातात, झटके येतात, आणि या विषावर नेमका उतारा नाही. त्या घरी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्यात पसरा आणि पहाटे उलटून खाली जमलेल्या शेंब्या वेचा.