एचडीआर: लाइटरूम की एन्फ्यूज?

कार्ल्याच्या चैत्यगृहात आत अंधार, कमानीतून भगभगीत ऊन. कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो (एक्स्पोजर) घेतलेत, आता ते जोडून एचडीआर, म्हणजे अंधार आणि ऊन दोन्हीतलं नीट दिसणारा एक फोटो, करू कशात, असं एकाने विचारलं.

दोन्ही संगणकावरची सॉफ्टवेअर. पैशाचं सोपं आहे: एन्फ्यूज फुकट, लाइटरूमला वर्गणी.

खरा फरक हाती काय येतं यात. लाइटरूम तिन्ही रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल) एकत्र करून डीएनजी, म्हणजे पुन्हा रॉसारखीच फाइल, देतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळा-निळा तोल), सावल्यांचा उजेड नंतरही बदलता येतो. एन्फ्यूज प्रत्येक फोटोतला नीट उजळलेला भाग उचलून थेट तयार चित्र देतं. रंग नैसर्गिक, पण पुढे फार ताणता येत नाही. शिवाय लेण्यांत ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. हातात धरून काढलेले फोटो थोडे सरकतात, ते एन्फ्यूजआधी ह्यूजिन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवावे लागतात. लाइटरूम ते स्वतःच करतं. हललेल्या माणसांची भुतं, म्हणजे पुसट दुहेरी आकृत्याही, लाइटरूममध्ये कमी दिसतात.

रॉ असतील तर लाइटरूम. जेपेगच असतील आणि स्लायडरचा कंटाळा असेल, तर एन्फ्यूज.