विजयाबाईंची वाट आणि सुषमाताईंची वाट : लिहू आणि नाटक बसवू पाहणाऱ्या अभिनेत्रीसाठी

एकांकिका स्पर्धांमध्ये अभिनयाची दोन-चार पारितोषिके पदरी पडली, की पुष्कळ मुलींच्या मनात एक अस्वस्थता सुरू होते. दुसऱ्याने लिहिलेल्या आणि दुसऱ्याने बसवलेल्या भूमिकाच आयुष्यभर करायच्या का, असा प्रश्न त्यांना पडतो. ज्यांना लिहायचे आहे, नाटक बसवायचे आहे आणि तरीही रंगमंचावर उभे राहणे सोडायचे नाही, त्यांनी दिग्दर्शिका-अभिनेत्री विजया मेहता आणि एकपात्री प्रयोग लिहून सादर करणाऱ्या सुषमा देशपांडे यांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे मी नेहमी सांगते. या दोघींमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचा येथे हेतू नाही. आपला स्वभाव, आपली मिळकत आणि आपल्याला जे सांगायचे आहे, त्याला कोणती वाट मानवेल एवढेच ठरवायचे आहे.

विजयाबाई नाटककार नाहीत, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. तरीही मराठी नाट्यलेखनावर त्यांचा ठसा एखाद्या नाटककाराइतकाच खोल आहे, आणि म्हणूनच लिहू पाहणाऱ्या मुलीने त्यांचा अभ्यास करावा. १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि श्रीराम लागू यांच्यासह त्यांनी 'रंगायन' ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी केली. नवी संहिता तालमीत वाचायची, नटांच्या तोंडी ती कशी उतरते ते पाहायचे आणि लेखकाशी पुन्हा बोलायचे, असे वातावरण तेथे होते. चिं. त्र्यं. खानोलकरांसारखा कवी 'एक शून्य बाजीराव' घेऊन रंगभूमीवर आला तो याच वातावरणात. महेश एलकुंचवार नाट्यलेखनाकडे वळले ते बाईंनी बसवलेला तेंडुलकरांच्या 'मी जिंकलो! मी हरलो!'चा प्रयोग पाहून, आणि पुढे त्यांच्या 'सुलतान'सारख्या एकांकिका बाईंनीच रंगमंचावर आणल्या. एका प्रयोगातून एक नाटककार निर्माण व्हावा आणि त्याचे लेखन त्याच दिग्दर्शिकेच्या हाती यावे, ही मला लेखनाचीच एक जात वाटते. फरक इतकाच, की त्या संहितेवर आपले नाव नसते.

ज्या मुलीला नाव संहितेवरच हवे आहे, तिने हा फरक हलका मानू नये.

अभिनय आणि दिग्दर्शन एकाच प्रयोगात सांभाळण्याच्या बाबतीत मात्र बाईंच्या वाटेइतके शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मध्ये त्यांनी नानी साकारली आणि नाटकही त्यांनीच बसवले. 'बॅरिस्टर'मध्ये मावशीची भूमिका आणि दिग्दर्शन दोन्ही त्यांच्याकडे होते. हे किती अवघड आहे ते मला माझ्या पहिल्या दिग्दर्शनात कळले. माझ्या जागी मी एक रिकामी खुर्ची ठेवत असे, प्रॉम्प्टर माझे संवाद वाचत असे आणि मी सातव्या रांगेत बसून बाकीच्यांच्या हालचाली बसवत असे. रंगीत तालमीला मी त्या खुर्चीच्या जागी उभी राहिले तेव्हा लक्षात आले, की सगळे नट खुर्चीकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहत आहेत, म्हणजे माझ्या चेहऱ्याच्या फूटभर खाली. एवढी साधी गोष्टही बाहेरून पाहणारा कोणीतरी असल्याशिवाय सापडत नाही. संस्थेत तसा माणूस हाताशी असतो, आणि संस्थेचा सर्वांत मोठा लाभ मी याच गोष्टीला मानते.

संस्थेची किंमतही असते. माणसे एकत्र येतात तशी मतभेदांनी वेगळी होतात. 'रंगायन' फुटली आणि त्यातून १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे यांची 'आविष्कार' ही नाट्यसंस्था उभी राहिली. आठ-दहा नटांच्या तारखा जुळवणे, नाट्यगृहाची तारीख मिळवणे, नेपथ्याचा टेम्पो, प्रत्येकाची नाईट म्हणजे प्रयोगामागचे मानधन, हे सगळे दिग्दर्शिकेच्या डोक्यावर बसते आणि लिहिण्याचा वेळ त्यातच जातो.

सुषमाताईंची वाट नेमकी येथून वेगळी होते. पत्रकारितेचा अनुभव पाठीशी असलेल्या सुषमाताईंनी १९८९ साली 'व्हय मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग स्वतः लिहिला, स्वतः बसवला आणि स्वतः सादर केला. सावित्रीबाई फुले यांचे चरित्र सांगणारी निवेदिका त्यात नाही. सावित्रीबाईच समोरच्या माणसांशी थेट बोलतात, आणि शीर्षकातला 'व्हय' हा एक शब्दच ती बाई कोणत्या भाषेत, कोणत्या ठामपणे बोलणार आहे ते सांगून टाकतो. शाळेचा वर्ग, वस्तीतले मोकळे मैदान, गावातले देऊळ, कोठेही हा प्रयोग उभा राहू शकला, कारण एक अभिनेत्री आणि ऐकायला बसलेली माणसे याखेरीज त्याला फारसे काही लागत नव्हते. वर्षानुवर्षे तो चालला आणि पुढे सुषमाताईंच्या दिग्दर्शनाखाली इतर अभिनेत्रींनीही तो केला.

एकपात्रीमुळे माणूस एकाच विषयात अडकतो, ही भीती मला अनेक मुली बोलून दाखवतात. सुषमाताईंच्या पुढच्या कामाने ती भीती खोटी ठरवली आहे. तमाशातल्या कलावंत स्त्रियांवरचे 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' त्यांनी केले, ऊर्मिला पवारांचे 'आयदान' हे आत्मचरित्र तीन अभिनेत्रींना घेऊन रंगमंचावर आणले आणि 'अज्जी' या हिंदी चित्रपटात मुख्य भूमिकाही केली. स्त्रियांचे आयुष्य त्यांच्याच तोंडून ऐकवायचे, हा धागा मात्र त्यांनी सोडला नाही.

या वाटेतली खरी जोखीम वेगळी आहे. एकटीने लिहिलेले एकटीने बसवताना आपल्या लाडक्या वाक्याला कात्री लावणारा कोणी उरत नाही, आणि टाळ्या मिळत गेल्या की ते वाक्य कायमचे राहते. मिळकतीचे गणितही निराळे आहे. खर्च अगदी कमी, परंतु आमंत्रणे स्वतः मिळवायची, मानधनाची बोलणी स्वतः करायची, आणि घसा बसला तर त्या दिवशी दुसरे कोणी उभे राहणार नाही.

प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्यांसाठी सई परांजपे यांचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून त्या आकाशवाणी, दूरदर्शन, नाटक आणि चित्रपट अशा सर्व माध्यमांत लेखिका आणि दिग्दर्शिका म्हणून वावरल्या. अभिनय मात्र त्यात मागे राहिला. ज्या मुलीचा जीव रंगमंचावर उभे राहण्यात आहे, तिने हे ध्यानात घेऊन निर्णय करावा.

माझे मत विचाराल तर विशी-पंचविशीतल्या मुलीने आधी तीन-चार वर्षे एखाद्या प्रायोगिक संस्थेत काढावीत, तेथे प्रकाशयोजनेपासून बॅकस्टेजपर्यंत मिळेल ते काम करावे आणि एकपात्रीची वही बाजूला भरत राहावी. जिच्यावर घरची जबाबदारी आहे आणि रोज संध्याकाळी तालमीला पोहोचणे जिला शक्यच नाही, तिने मात्र वाट पाहत बसू नये. एकपात्रीनेच सुरुवात करावी आणि एक कठोर वाचक नक्की शोधावा. दोन्ही बाबतींत संहितेवर पहिल्या दिवसापासून स्वतःचे नाव आणि तारीख घालावी, आणि जाहीर प्रयोगापूर्वी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घेण्यास पुरेसा अवधी ठेवावा. पहिले वाचन नाटकवाल्या मित्रांसमोर करू नये. आईच्या वयाच्या, नाट्यगृहात फारशा न गेलेल्या सात-आठ बायकांना घरी बोलवावे, चहा द्यावा, वाचावे, आणि त्या कोणत्या पानावर चुळबुळ करू लागतात ते समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे.