बारा फुटी डिंगी : सात महिन्यांच्या वापरानंतर

मार्च महिन्यात मी बारा फुटी डिंगी या जातीची एक जुनी लाकडी शिडाची होडी विकत घेतली आणि एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचे बहुतेक शनिवार-रविवार तिच्यावर काढले. आम्ही नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमजवळच्या आम्स्टेलवेनला राहतो. होडी लोसद्रेख्तच्या तळ्यांवर असते. ही तळी पूर्वी जळणासाठी पीट नावाची दलदलीची माती खणून काढल्यामुळे तयार झालेली, म्हणून उथळ आहेत, आणि माती वाळत घालण्यासाठी ठेवलेल्या लांब, चिंचोळ्या जमिनीच्या पट्ट्या अजूनही पाण्यात मधूनमधून उभ्या आहेत. जातिवंत लाकडी होडी घ्यावी की फायबरची, असा विचार करणाऱ्या दोघा-तिघा मराठी मित्रांनी अनुभव विचारला, तेव्हा तो सविस्तर लिहून काढणेच बरे वाटले.

या होडीचा आराखडा १९१३ सालचा आहे. इंग्लंडमधील साउथपोर्टचे जॉर्ज कॉकशॉट हे व्यवसायाने वकील; होड्यांचे आराखडे करणे हा त्यांचा छंद. तिथल्या बोट रेसिंग असोसिएशनला अशी एक लहान होडी हवी होती, जी मोठ्या यॉटची सेवक होडी म्हणून किनाऱ्यावर ये-जा करील आणि सुटीच्या दिवशी शर्यतीतही उतरेल. कॉकशॉट यांचा आराखडा निवडला गेला. लांबी ३.६६ मीटर, रुंदी सुमारे १.४ मीटर, आणि शीड एकच, ९.३ चौरस मीटरचे. पहिल्या महायुद्धानंतर तिला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आणि १९२० व १९२८ या दोन ऑलिंपिकमध्ये ती होती. १९२० मध्ये तिच्या शर्यतीला दोनच होड्या आल्या, दोन्ही डच; बेल्जियममधील ऑस्टेंडला सुरू झालेली ती स्पर्धा शेवटी सप्टेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये येऊन पूर्ण झाली. १९२८ ला ॲमस्टरडॅमच्या स्पर्धेत स्वीडनचे स्वेन थोरेल यांनी एकट्याने होडी हाकून सुवर्णपदक मिळवले. इंग्लंडमध्ये तिची चलती पुढे ओसरली; नेदरलँड्स आणि इटलीत मात्र तिच्या शर्यती आजही भरतात. इथे तिला ट्वाल्फफूट्सयोल म्हणतात, म्हणजे शब्दशः बारा फुटी होडीच.

सेवक होडी हा तिचा जन्महेतू एकदा लक्षात घेतला की तिच्या बांधणीतील बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो. डोलकाठी आखूड आहे आणि तिला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा नाहीत. ती बसण्याच्या पुढच्या आडव्या फळीतल्या भोकातून खाली जाऊन होडीच्या तळाच्या कण्यावरच्या खाचेत बसते. शिडाला उंची मिळते ती परबाणामुळे, म्हणजे शिडाची वरची कड बांधलेल्या तिरक्या काठीमुळे. त्यामुळे डोलकाठी, परबाण आणि खालची आडवी काठी ही तिन्ही लाकडे होडीच्या आतच मावतात आणि मग ती वल्ह्यांनी निवांत वल्हवता येते. धक्क्यावर पोहोचल्यापासून शीड उभे राहीपर्यंत मला सुरुवातीला चाळीस मिनिटे लागत. आता पंधरा पुरतात. शेजारच्या फायबरच्या होडीवाल्याची तारांशी चाललेली झटापट संपण्याआधी आम्ही बहुधा पाण्यावर असतो.

तरीही या होडीशी खरा संसार करावा लागतो तो शिडाशी नव्हे, फळ्यांशी. आपल्याकडे कोकणात फळीला फळी कडेने भिडवून सांध्यात कापूस ठासतात, आणि बाहेरून होडीचे अंग गुळगुळीत राहते. इथे प्रत्येक वरची फळी खालच्या फळीच्या कडेवर थोडी चढवलेली असते. त्या दुहेरी कडेतून थोड्याथोड्या अंतरावर तांब्याचा खिळा आरपार घालतात, आतल्या बाजूने त्यावर तांब्याची छोटी चकती चढवतात, उरलेला खिळा कापतात आणि त्याचे टोक ठोकून चकतीवर पसरवतात. एक जण बाहेरून जड लोखंड टेकवून धरतो, दुसरा आतून ठोकतो. हे काम एकट्याचे नव्हे. आधी तात्पुरत्या साच्यांवर फळ्यांचे कवच उभे राहते आणि बरगड्या नंतर येतात. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाच्या बारीक पट्ट्या वाफेच्या पेटीत मऊ करून, गरम असतानाच हातमोजे घालून त्या आत दाबून बसवाव्या लागतात, कारण अर्ध्या मिनिटात त्या पुन्हा ताठरतात. वडिलांना मालवणला व्हिडिओ कॉलवर होडी दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "ही होडी कसली, खवल्यांचो मासो तो!" याहून नेमके वर्णन मला सुचलेले नाही.

या रचनेचा फायदा असा की पातळ फळ्या वापरूनही अंग मजबूत राहते, कारण प्रत्येक चढलेली कड लांबच लांब तुळईसारखे काम करते. सांध्यात काहीही भरलेले नसते. पाणी प्यायल्यावर लाकूड फुगते आणि फळ्या आपोआप एकमेकींना घट्ट धरतात. तोटाही त्यातच आहे. हिवाळाभर कोरड्या शेडमध्ये पडलेली होडी पाण्यात उतरवली की ती चाळणीसारखी गळते. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी ती धक्क्याला बांधून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर बसण्याच्या फळ्या पाण्याला टेकलेल्या. पत्नीने शांतपणे विचारले, "पैसे परत मिळतील का?" तीन दिवस बादलीने पाणी उपसले, चौथ्या दिवशी तळ जवळजवळ कोरडा होता. जुन्या माणसांनी हे आधीच सांगितले होते, पण आपली होडी बुडताना पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास बसत नाही.

खरे दुखणे मात्र वेगळेच निघाले. विक्रेत्याने "हल्लीच दुरुस्त केलेली" असे सांगितले होते. ती दुरुस्ती म्हणजे कोणा कारखान्याने डाव्या बाजूच्या चार सांध्यांत भरलेला कडक गोंद. सांध्यात जागा नसली की फुगणारी फळी जाणार कुठे? जूनमध्ये एक फळी खिळ्यांच्या रांगेतूनच वीतभराहून जास्त उकलली आणि तिच्या मागची बरगडी मोडली. गोंद खरवडून काढणे, फळीचा तेवढा भाग तिरका कापून नवा तुकडा जोडणे आणि मोडक्या बरगडीशेजारी दुसरी वाफवून बसवणे यात पाच आठवडे गेले. उन्हाळा इथे मुळातच आखूड. त्यातले पाच आठवडे म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. जुनी होडी घेणाऱ्याने व्हार्निशची चकाकी बघू नये. आत वाकून बरगड्यांची खालची टोके आणि मधल्या पात्याच्या (होडी वाऱ्याने बाजूला सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) खोक्याचा तळाशी असलेला सांधा टोच्याने तपासावा. गोड्या पाण्यातल्या होड्या कुजतात त्या बहुधा आतून, साचलेल्या पावसाच्या पाण्याने. म्हणून वरून कापड घालायचे, पण हवा खेळती राहील अशा बेताने.

पाण्यावरचे वागणे याउलट सुखाचे आहे. पुढचा भाग भरदार असल्यामुळे होडी लाटेवर चढते, लाटेत घुसत नाही, आणि फळ्यांच्या कडा उडणारे पाणी खाली परतवतात. मंद वाऱ्यात, इतर होड्या थबकलेल्या असताना, ती त्या मोठ्या शिडाच्या जोरावर कडांखाली पाणी खळखळवत पुढे जात राहते. तळे उथळ असल्यामुळे खाली-वर करता येणारे मधले पाते फार उपयोगी पडते. तळाला टेकल्याचे कळताच ते उचलायचे. अकरा वर्षांची मुलगी हे काम माझ्यापेक्षा चपळाईने करते.

शिडाला मात्र स्वभाव आहे. परबाण डोलकाठीच्या एकाच बाजूला असल्याने एका अंगाने वारा घेताना शीड मोकळे फुगते आणि दुसऱ्या अंगाने ते काठीवर दाबले जाते. प्रत्यक्षात वेगातला फरक वाटतो त्याहून कमी असतो. शिडाची पुढची कड पुरेशी ताणलेली नसेल तर मात्र फरक जाणवतो. कड सैल राहिली की शिडावर तिरकी सुरकुती पडते आणि होडी वाऱ्याकडे सरकायला तयार होत नाही. पहिले दोन महिने मी याचा दोष होडीला देत होतो. डोलकाठीच्या पुढे दुसरे लहान शीड नसल्यामुळे वाऱ्यातून वळतानाही घाई चालत नाही. सुकाणू एकदम फिरवले तर ते ब्रेकसारखे लागते आणि होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. मग आडवी काठी हाताने उलट दिशेला ढकलून धरावी लागते. मागून जोराचा वारा असताना सगळे शीड एकाच बाजूला पसरते, होडी डावी-उजवी झुलते आणि सुकाणू जड होते. वाऱ्याचा जोर मोजण्याच्या ब्यूफोर्ट श्रेणीत चारच्या वर वारा गेला की मी शीड आखडून घेतो. मुलगी बरोबर असताना त्याआधीच. उलटल्यास भरलेली होडी तरंगती राहावी म्हणून आत हवेच्या पिशव्या बांधल्या आहेत. १९१३ च्या दृष्टीने त्या विशोभित दिसत असतील, पण त्यावर तडजोड नाही.

देखभालीचा हिशेब सांगायचा तर खरवडणे आणि व्हार्निश यांत मार्चमध्ये माझे साठेक तास गेले, आणि ऊन थेट झेलणाऱ्या आडव्या भागांवर ऑगस्टमध्ये पुन्हा हात मारावा लागला. ज्याला महिन्यातून एकदाच तळ्यावर जाता येते, त्याने ही होडी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिला वापरण्याइतकेच ओले राहणेही लागते. इटलीत या जातीच्या फायबरच्या होड्याही चालतात. तसा पर्याय मिळाला असता तर पत्नीने तोच निवडला असता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होडी बाहेर काढली. गेल्या हिवाळ्यात ती गरम केलेल्या शेडमध्ये होती आणि एप्रिलमधले ते तीन दिवस बऱ्याच अंशी त्याचेच फळ होते. या वर्षी मी शेडवाल्याकडे मागच्या, हीटर नसलेल्या थंड आणि दमट कोपऱ्यातली जागा मागून घेतली आहे. त्याने भाडेही थोडे कमी लावले.